अख्खा कॉम्प्युटर क्लाउडवर: डिस्क इमेज कशी घ्यायची, कशी चढवायची आणि कशी परत उतरवायची

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. दुपारी चारच्या सुमारास वळवाचा पाऊस सुरू झाला आणि दुकानामागच्या डीपीवर वीज कोसळली. फट्ट असा आवाज, वायर जळाल्याचा वास आणि अंधार. लाइट तासाभरात आली, कॉम्प्युटर काही आला नाही. एसएमपीएस गेला, मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्कही गेली.

शेजारचा झेरॉक्सवाला दारात येऊन म्हणाला, "बॅकअप तर असंलच की तुमच्याकडं." होता ना. रोज रात्री नेमानं एक टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करत होतो. फक्त ती डिस्क त्या दुपारीही कॉम्प्युटरलाच लावलेली होती. तीही त्याच झटक्यात गेली.

माझं अंबाजोगाईत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्सचं डिझाइन, आणि सीझनला पीक विम्याचे आणि ॲडमिशनचे फॉर्म. कामाच्या फाइली बऱ्याचशा परत मिळाल्या, कारण गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ त्यांच्याकडं होत्या. मशीनची बसलेली घडी मात्र मोडली ती मोडलीच. विंडोज टाका, श्रीलिपी टाका, जुने फॉन्ट गोळा करा, कोरल, टॅली, अंगठ्याच्या मशीनचं आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरचे रंग जुळवा. चार दिवस शटर अर्धं खाली ठेवून हेच करत बसलो. त्यानंतर अख्ख्या डिस्कची इमेज क्लाउडवर, म्हणजे नेटवरून मिळणाऱ्या जागेत, ठेवायची जी पद्धत बसवली ती इथं सांगतो. ज्यांनी पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करण्यापलीकडं काही केलेलं नाही, त्यांनाही जमेल अशी आहे.

इमेज म्हणजे काय आणि त्यात काय येत नाही

फाइलींचा बॅकअप म्हणजे छापून झालेल्या पत्रिका जपून ठेवणं. डिस्क इमेज म्हणजे ऑफसेटची प्लेटच ठेवणं. डिस्कवर जे काही आहे ते सगळं त्यात येतं: विंडोज, प्रोग्रॅम, फॉन्ट, ड्रायव्हर, सेटिंग, आणि कॉम्प्युटर चालू होताना लागणारे ते छोटे लपलेले भागसुद्धा, जे 'धिस पीसी'मध्ये कधी दिसत नाहीत. नवीन डिस्क लावायची, त्यावर इमेज उतरवायची, की कॉम्प्युटर त्या दिवशी होता तसा उभा राहतो. डेस्कटॉपवरचा पसाराही तसाच.

काय येत नाही तेही आधीच समजून घ्या. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचं मागं खोचलेलं यूएसबी लॉक इमेजमध्ये येत नाही. डिजिटल सहीची किल्ली टोकनच्या आत असते, तीही येत नाही. या दोन वस्तू रात्री काढून घरी न्यायची सवय लावा, त्याला कुठलाच क्लाउड पर्याय नाही.

अजून एक घोटाळा इथंच मिटवू. विंडोज ११ मध्ये 'विंडोज बॅकअप' नावाचं ॲप आहे. ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट असे फोल्डर आणि काही सेटिंग वनड्राइव्हवर ठेवतं. ती डिस्क इमेज नव्हे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर, विंडोज ७' या नावाखाली इमेज घेण्याची सोय अजून सापडते. पण मायक्रोसॉफ्टनं २०१७ सालीच त्यावरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि लोकांना दुसरं सॉफ्टवेअर वापरायला सांगितलं. मी ते वापरत नाही.

रोज चढवायची गोष्ट नाही ही

नवीन माणूस पहिली चूक इथं करतो. अख्खी इमेज रोज क्लाउडवर पाठवायची असं मनात धरतो, आठ दिवस नेट कुंथतं आणि मग सगळंच सोडून देतो.

आपल्याकडच्या लाइनवर हिशेब असा मांडा: जितके जीबी असतील त्याला २.२ नं गुणा आणि अपलोडच्या एमबीपीएसनं भागा, उत्तर तासांत येतं. ६० जीबीची इमेज आणि १० एमबीपीएस अपलोड असेल तर तेरा तास. ३० एमबीपीएस असेल तर साडेचार तास. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट देऊन चढवायची म्हटलं तर एक महिना. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, अपलोडचा बघा. काही कनेक्शनवर दोन्ही सारखे असतात, काहींवर अपलोड निम्माही नसतो. शिवाय एमबीपीएसमधला 'बी' हा बिटचा असतो, बाइटचा नव्हे. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ८० चं कनेक्शन असलं तरी कॉपी होताना सेकंदाला १० एमबीच दिसतात, त्यात कुणी फसवत नसतं.

म्हणून माझा नेम असा: इमेज वर्षातून दोनदा, आणि चालू कामाच्या फाइली रोज. पहिली इमेज मृग लागायच्या आत, कारण जुलैमध्ये पीक विम्याच्या गर्दीत कॉम्प्युटर बंद ठेवणं शक्य नसतं. दुसरी दिवाळी झाल्यावर, तुळशीच्या लग्नाआधी, कारण त्यानंतर लग्नपत्रिका मान वर करू देत नाहीत. मध्येच एखादं मोठं सॉफ्टवेअर टाकलं किंवा विंडोज बदललं तर त्याच्या आधी एक जास्तीची. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळं जे आता ११ वर जाणार आहेत त्यांनी तर आधी इमेज घेतल्याशिवाय हात लावू नये.

सामान

आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह, जो पूर्ण पुसला जाणार आहे. एक एक्स्टर्नल डिस्क, जिच्यावर इमेजच्या दुप्पट जागा मोकळी असेल. दुप्पट का ते पुढं कळेल. ही डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट फॉरमॅटची हवी. जुन्या फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

सॉफ्टवेअर तीन, तिन्ही मोफत. पेन ड्राइव्ह बनवायला रूफस किंवा बालेना एचर. इमेज घ्यायला रेस्क्यूझिला. आणि गाठोडं बांधायला सेव्हन-झिप. अनुभवी लोक म्हणतील क्लोनझिला का नाही. क्लोनझिला उत्तमच आहे, पण त्याचा निळा-करडा पडदा आणि एकामागून एक प्रश्न बघून नवीन माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस चुकीची डिस्क निवडतो. रेस्क्यूझिलात तेच काम माउसनं होतं, आणि दोघांच्या इमेज एकमेकांना चालतात.

तिन्ही सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या. शोधलं की वर जाहिरातीतली साइट येते, ती टाळा.

आधी झाडलोट

इमेज जितकी बारीक तितकं अपलोड कमी. रेस्क्यूझिला रिकामी जागा उचलत नाही, फक्त भरलेला भाग घेतो आणि तोही दाबून बसवतो. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर ९० जीबी भरलेले असतील तर इमेज ९० पेक्षा लहानच होते. किती लहान, ते आत काय आहे त्यावर अवलंबून. प्रोग्रॅम चांगले दबतात. जेपीजी फोटो आणि व्हिडिओ जवळपास दबतच नाहीत, कारण ते आधीच दाबलेले असतात.

तेव्हा लग्नाचे व्हिडिओ, फोटोंचे फोल्डर, फ्लेक्सच्या जुन्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर हलवा. त्या इमेजमध्ये असण्याचं कारणच नाही, त्यांचा बॅकअप फाइल म्हणून वेगळा घ्यायचा. डाउनलोड फोल्डर उघडून बघा. माझ्याकडं एकाच गिऱ्हाइकाचं आधार कार्ड अकरा वेळा उतरवलेलं सापडलं. मग सेटिंगमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथं 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर तेच कित्येक जीबी असतं. रीसायकल बिन रिकामा करा. आणि ॲंटिव्हायरसनं एकदा पूर्ण तपासून घ्या, नाहीतर व्हायरसचीही इमेज जपून ठेवाल.

आता एक महत्त्वाची तपासणी. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला विंडोजनं लावलेलं कुलूप, चालू आहे का ते बघा. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की ते बऱ्याचदा गुपचूप चालू झालेलं असतं. तसं असेल तर रेस्क्यूझिलाला आतलं काही कळत नाही. भरलेलं-रिकामं न बघता तो अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलतो, आणि ६० जीबीची इमेज पार ५०० जीबीपर्यंत जाऊ शकते. अशा वेळी दोन वाटा आहेत. एक म्हणजे एन्क्रिप्शन बंद करून इमेज घ्यायची आणि नंतर परत चालू करायचं. दुसरी म्हणजे विंडोजच्या आतूनच इमेज घेणारं व्हीम एजंटसारखं सॉफ्टवेअर वापरायचं, त्याची मोफत आवृत्ती आहे. काहीही करा, पण त्या कुलपाची ४८ आकड्यांची चावी, म्हणजे रिकव्हरी की, आधी कागदावर उतरवून घ्या.

इमेज घेणं

रूफस उघडा, रेस्क्यूझिलाच्या साइटवरून उतरवलेली आयएसओ फाइल निवडा, पेन ड्राइव्ह निवडा, स्टार्ट. पाच-दहा मिनिटांचं काम.

पुढची गोष्ट छोटी आहे पण तिथंच लोक अडकतात. विंडोज 'शट डाउन' केलं की ते पूर्ण बंद होत नाही. 'फास्ट स्टार्टअप'मुळं अर्धवट झोपतं, आणि मग रेस्क्यूझिला तक्रार करतो की पार्टिशन (डिस्कचा एक भाग) नीट बंद झालेलं नाही. म्हणून शिफ्टचं बटण दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. असं केलं की ते खरोखर बंद होतं.

एक्स्टर्नल डिस्क आणि पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू करा आणि लगेच बूट मेनूचं (कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या यादीचं) बटण दाबत राहा. कुठं एफ१२, कुठं एफ९, कुठं एस्केप. चालू होताना पडद्यावर क्षणभर लिहून येतं. पेन ड्राइव्ह निवडला की थोड्या वेळानं रेस्क्यूझिलाची खिडकी दिसते. बॅकअप, रिस्टोअर, क्लोन, व्हेरिफाय अशी मोठी बटणं आहेत. बॅकअप दाबा.

तो विचारतो, कुठली डिस्क घ्यायची. इथं सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह अशी नावं दिसत नाहीत. कंपनीचं नाव आणि जीबीचा आकडा दिसतो, त्यावरून ओळखायची. खाली पार्टिशनची यादी येते, तिथं सगळ्यांवर टिक राहू द्या. शंभर एमबीचं काहीतरी फालतू दिसतंय म्हणून टिक काढू नका. कॉम्प्युटर चालू होतो तो त्याच्यावरच. मग इमेज कुठं ठेवायची ते विचारतो: एक्स्टर्नल डिस्क, त्यावरचा फोल्डर, आणि नाव. नावात तारीख घाला. 'नवीन', 'नवीन२', 'फायनल' असली नावं पत्रिकेच्या फाइलींना ठीक आहेत, इथं नकोत.

सुरू झालं की बाजूला व्हा. भरलेल्या ९० जीबीला जुन्या हार्ड डिस्कवर दोन-तीन तास सहज जातात. मी हे रविवारी करतो. इन्व्हर्टरवर भरवसा नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळून बसवा. काम अर्ध्यात तुटलं तर मूळ डिस्कला काही होत नाही, ती फक्त वाचली जात असते. पण इमेज पहिल्यापासून घ्यावी लागते.

संपल्यावर त्याच खिडकीत 'व्हेरिफाय इमेज' चालवा. कंटाळा येतो, तरी चालवा.

गाठोडं बांधणं

एक्स्टर्नल डिस्कवर आता एक फोल्डर आहे आणि त्यात बऱ्याच फाइली. हा तसाच क्लाउडवर टाकायचा नाही. माझ्या डिस्कवर शेकडो लोकांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकं स्कॅन करून पडलेली असतात. ही दुसऱ्यांची अमानत आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर ती सांभाळण्याची जबाबदारी लिहूनच ठेवली आहे. म्हणून कुलूप लावूनच बाहेर पाठवायचं.

विंडोजमध्ये परत या. फोल्डरवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपचं 'ॲड टू आर्काइव्ह' निवडा. खिडकीत पाच ठिकाणी लक्ष द्या. फॉरमॅट सेव्हन-झेड. कॉम्प्रेशन लेव्हल 'स्टोअर', कारण इमेज आधीच दाबलेली आहे आणि परत दाबण्यात नुसता वेळ जातो. पासवर्ड दोनदा, एन्क्रिप्शन एईएस-२५६. 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक. आणि डावीकडं खाली 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स'च्या चौकटीत २००० आणि त्याला जोडून एम हे अक्षर, म्हणजे दोन-दोन जीबीचे तुकडे पडतील. ६० जीबीचे तीस-एक तुकडे, शेवटी ००१, ००२ असे नंबर. ही दुसरी प्रत असल्यामुळं डिस्कवर दुप्पट जागा लागते.

तुकडे कशाला? रात्री अडीचला लाइट गेली तर ६० जीबीची एकच फाइल ९० टक्क्यांवर तुटू शकते. तुकडे असतील तर एकच तुकडा परत पाठवावा लागतो. मात्र तीसपैकी एक तुकडा जरी हरवला तरी बाकीचे एकोणतीस निरुपयोगी, हे ध्यानात असू द्या.

पासवर्डबद्दल जरा थांबून सांगतो. सेव्हन-झिपमध्ये 'पासवर्ड विसरलात?' असं बटण नसतं. विसरला म्हणजे गेला. तो लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्दांचा, पण इंग्रजी अक्षरांतच. मराठीत ठेवला तर ऐन वेळी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड शोधत बसाल. आणि ज्या कॉम्प्युटरची इमेज आहे त्याच्याच नोटपॅडमध्ये तो लिहून ठेवू नका. ते म्हणजे कुलपाची चावी कपाटातच ठेवून कपाट बंद करणं. माझा पासवर्ड घरी जमिनीच्या कागदांच्या फाइलमध्ये एका पाकिटात आहे आणि बायकोला ठाऊक आहे.

तुकडे झाले की पहिल्या तुकड्यावर राइट क्लिक करून 'टेस्ट आर्काइव्ह'. सगळं ठीक असल्याचं आलं की पुढं.

ठेवायचं कुठं

गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात, त्यात जीमेल आणि फोटोही धरलेले. वनड्राइव्हवर ५ जीबी. यात इमेज बसत नाही, म्हणजे महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरावे लागणार. इमेज १०० जीबीच्या आत असेल तर गूगलचा १०० जीबीचा प्लॅन सुरुवातीला पुरतो. पण हे दुकानाच्या रोजच्या ईमेलवर करू नका. जागा भरली की जीमेलवर मेल येणंच बंद होतं, आणि ऐन ॲडमिशनच्या काळात ओटीपी येईना म्हणून डोकं धरून बसाल. बॅकअपसाठी वेगळं खातं काढा. ते वर्षातून दोनदा तरी उघडलं जाईलच. दोन वर्षं हात न लावलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं.

ज्यांच्याकडं चार-पाच मशीन आहेत त्यांनी बॅकब्लेझ बी-टू किंवा ॲमेझॉनचं एस-थ्री बघावं, तिथं ठेवलेल्या जीबीप्रमाणं बिल येतं. ॲमेझॉनचं 'ग्लेशियर डीप आर्काइव्ह' सगळ्यात स्वस्त वाटतं, पण त्यातून माल बाहेर काढायला बारा तास वाट बघावी लागते, काढायचे पैसे वेगळे, आणि १८० दिवसांच्या आत पुसलं तरी तेवढ्या दिवसांचं भाडं लागतं. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

खात्याला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणारं कुलूप, लावाच. पण विचार करा, २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना फुगल्या तसं पाणी दुकानात शिरलं आणि कॉम्प्युटरबरोबर फोनही गेला, तर कोड येणार कुठं? गूगल सुरक्षेच्या पानावर आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं. ते छापून त्याच पाकिटात टाका.

चढवणं

मी ड्राइव्हची साइट ब्राउझरमध्ये उघडतो, तारखेचा फोल्डर करतो आणि पाच-पाच तुकडे ओढून टाकतो. कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं ॲप टाकून फोल्डर सिंक करणं सोपं आहे, मान्य. पण सिंक म्हणजे दोन्हीकडं सारखं ठेवणं. इकडं जागा करायला म्हणून तुकडे पुसले की तिकडचेही कचऱ्यात जातात आणि ३० दिवसांनी कायमचे नाहीसे होतात. रोजच्या फाइलींना सिंक ठीक आहे, इमेजला नको.

रात्री नऊला लावायचं, सकाळी बघायचं. आधी पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, नाहीतर तुम्ही घरी पोचायच्या आत कॉम्प्युटर झोपलेला असतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. नेट कंपनीला महिन्याची मर्यादा विचारून घ्या. बऱ्याच 'अनलिमिटेड' प्लॅनवरही ठरावीक जीबीनंतर वेग कमी होतो. आणि आभाळ भरून आलं तर अपलोड गेलं खड्ड्यात, सगळ्या वायरी काढा. नेटची वायरसुद्धा.

सगळे तुकडे चढले की मोजा. इकडं ३१ असतील तर तिकडंही ३१. शेवटचा तुकडा सोडून सगळ्यांचं माप सारखं दिसलं पाहिजे.

उतरवून बघणं

इथवर बरेच जण येतात आणि हात झटकतात. उतरवून न बघितलेली इमेज आहे की नाही, हे तुम्हाला माहीत नसतं.

मी पहिली तालीम मुद्दाम स्वतः केली नाही. परभणीत भाचा असतो. त्याच्याकडं एक जुना कॉम्प्युटर होता, माझ्याच मशीनसोबत घेतलेला. त्याला नवीन एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) घ्यायला पैसे पाठवले, पेन ड्राइव्ह आणि एक कागद दिला, आणि म्हटलं, या कागदावरून जमव, मला फोन करायचा नाही.

दोन तासांत फोन. "मामा, पासवर्ड विचारूलालंय, कागदावर तर काहीच नाही." बरोबरच होतं, पासवर्ड वेगळ्या पाकिटात होता, पण पाकीट कुणाकडं आहे हे कागदावर लिहायला मी विसरलो होतो. दुसरा फोन संध्याकाळी. "मामा, डिस्क लहान पडूलाली म्हणतंय." त्यानं ४८० जीबीची एसएसडी आणली होती. माझी मूळ डिस्क ५०० ची. आत ९० जीबीच भरलेले असले तरी मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर इमेज उतरत नाही. दुकानदारानं 'सेमच आहे' म्हणून दिली होती. दुसऱ्या दिवशी ती बदलून ५१२ जीबीची आणली.

मग क्रम असा झाला. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये उतरवले. ००१ नंबरवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपनं उघडलं. बाकीचे तुकडे ते आपोआप जोडून घेतं. निघालेला फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर ठेवला. पेन ड्राइव्हवरून रेस्क्यूझिला चालू करून 'रिस्टोअर', इमेज निवडली, डिस्क निवडली. इथं छातीत धस्स व्हायला पाहिजे, कारण जी डिस्क निवडाल ती पूर्ण पुसली जाते. म्हणून त्या वेळी मशीनला लागतील तेवढ्याच डिस्क ठेवायच्या, बाकीच्या काढून टाकायच्या. ४० मिनिटांनी भाच्यानं पडद्याचा फोटो पाठवला. माझा डेस्कटॉप, माझ्या पोरीचा वॉलपेपर, आणि कोपऱ्यात श्रीलिपीची सूचना: लॉक सापडत नाही. ते लॉक माझ्या खिशात होतं.

त्या जुन्या मशीनवर हे सरळ झालं, कारण दोन्ही सारख्याच बनावटीची होती. अगदी वेगळ्या मशीनवर उतरवली तर विंडोज बहुतेक वेळा ड्रायव्हर शोधून उभं राहतं, पण ॲक्टिव्हेशन परत मागू शकतं. आणि कॉम्प्युटर सुरू करण्याच्या जुन्या, बायोस पद्धतीनं टाकलेलं विंडोज, फक्त नवी यूईएफआय पद्धत चालणाऱ्या मशीनवर सुरूच होत नाही. इमेजचा खरा उपयोग त्याच मशीनमध्ये नवीन डिस्क टाकताना होतो. बोर्ड बदलायची वेळ आली तर थोडी खटपट गृहीत धरा.

कागदावर आता या गोष्टी लिहिलेल्या आहेत: मूळ डिस्कचं माप, बूट मेनूचं बटण, क्लाउडचं खातं कुठलं, तुकडे किती, पाकीट कुणाकडं, यूएसबी लॉक कुठं. एक प्रत दुकानात काउंटरच्या काचेखाली आहे, एक घरी, एक परभणीला. पेन ड्राइव्हही दोन बनवले, एक भाच्याकडंच ठेवला.

दोन इमेजमधला काळ

सहा महिन्यांपूर्वीची इमेज उतरवली की सहा महिन्यांपूर्वीचा कॉम्प्युटर मिळतो. मधल्या काळातल्या फाइली रोजच्या बॅकअपमधून वर टाकायच्या. त्यासाठी मी सगळं चालू काम 'डी'वरच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवतो, आणि फक्त तोच फोल्डर रोज क्लाउडशी सिंक होतो. टॅलीचा बॅकअपही त्याच फोल्डरमध्ये पडेल असं बसवलं आहे. डेस्कटॉपवर काही ठेवायचं नाही असा दुकानात नियम आहे, जो मी सोडून सगळे पाळतात.

एक्स्टर्नल डिस्क इमेज घेऊन झाल्यावर घरी जाते. क्लाउडवर दोन इमेज ठेवायच्या. तिसरी चढली, मोजून झाली, एक-दोन तुकडे परत उतरवून इकडच्या मूळ तुकड्यांशी जुळवून बघितले, की मगच सगळ्यात जुनी पुसायची. तुकडे जुळवायला सेव्हन-झिपच्या राइट क्लिकमध्येच एसएचए-२५६, म्हणजे फाइलीचा अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, काढायची सोय आहे. दोन्हीकडचा लांबलचक आकडा तंतोतंत सारखा आला पाहिजे. त्यासाठी थोडे दिवस तीन इमेजची जागा लागते, तेव्हा प्लॅन घेताना एकीचं नव्हे, तिघींचं माप धरा. मृगाआधीच्या महिन्यासाठी मोठा प्लॅन घेऊन नंतर परत लहान करता येतो, मी तसंच करतो.